झडपेपलीकडचं सुख

झडप वर सरकली आणि थोरलीला आपल्या आईचा हात दिसला.

नुसता हात. चव-खोलीची रचनाच तशी होती. एका बाजूला ओळीनं कप्पे, कप्प्यात खाणारी माणसं. दुसऱ्या बाजूला बशा सरकवणारी माणसं. आणि मधल्या भिंतीत वीतभर उंचीची झडप, जिच्यातून बशी आणि मनगट एवढंच काय ते इकडचं तिकडे जाणार. कप्प्यात तांबडा दिवा, कारण बिस्किट करपलंय की फिकं राहिलंय हे डोळ्यांनी जिभेच्या कानात सांगता कामा नये. त्या उजेडात सगळे हात सारखे दिसतात, उकडून काढल्यासारखे. पण या हातानं बशी घेतली, ती स्वतःभोवती एकदा फिरवली, जणू बशीला पुढची आणि मागची बाजू असते, आणि मगच ती जवळ ओढली. अख्ख्या जगात बशीशी असं वागणारी एकच बाई थोरलीला माहीत होती. आणि तेवढ्यात शेजारच्या झडपेतून आणखी एक हात बाहेर आला, दोनच नखांना रंग राहिलेला, बाकीच्यांचा गिऱ्हाइकांचे केस धुताना पाण्यात उडालेला, आणि त्या हातानं बशी घेतली नाही, झडप घालून पळवली. ही धाकटी.

"आई, खाल्लंस का?" धाकटीची कुजबुज. धाकटीची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

"बोलायचं नाही म्हणालेत ना."

"हळू बोललं की चालतं. कसं आहे?"

मग कुरकुर आवाज. आणि मग आई म्हणाली, "काय सुख वाटलं गं खाऊन."

थोरलीच्या हातात पाण्याचे पेले होते. एक पेला दुसऱ्यावर किणकिणला. इकडच्या बाजूनं एक शब्द काढायचा नाही हा नियम होता, नवख्यांना तो शिकवायचं काम गेली कित्येक वर्षं तिचंच होतं, म्हणून तिनं पेले आत सरकवले, झडप खाली ओढली आणि पुढच्या कप्प्याकडे गेली. पुढच्या कप्प्यातल्या माणसाला तिनं पेला दिला, बशी द्यायची विसरली, आणि तो बिचारा बराच वेळ पाण्याचाच वास घेत बसला.

बिस्किटांच्या कारखान्यात दोन प्रकारचे खाणारे असतात हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं. एक आतले. आतले म्हणजे थोरली, लोणीकाका आणि आणखी चौघी, ज्यांना रोज सकाळी चव-खोलीत बसून बिस्किट चावायचं, जिभेवर फिरवायचं, आणि थुंकून टाकायचं असतं. गिळायचं नाही, पोट भरलं की जीभ खोटं बोलायला लागते. मग सांगायचं: कडकपणा सहा, चुरा होण्याचा वेग चार, गोडी पुढून येते की मागून, शेवटी टाळूला पिठूळ थर राहतो का. लोणीकाका तर लोण्यानं रात्र कांद्याशेजारी काढली का हेसुद्धा सांगायचे, आणि त्यांचं स्वतःच्या बायकोशी का पटत नाही यावर त्या चौघींचं एकमत होतं. आतल्यांना एक शब्द मना होता. छान. छान, मस्त, आवडलं, मजा आली, हे सगळं भावंडांसकट मना. ज्याच्या तोंडून 'छान' गेलं त्यानं त्या दिवशीचे सगळे पेले विसळायचे. "तुम्ही मोजपट्टी आहात," खोलीच्या मोठ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आणि मोजपट्टीला कापड आवडत नसतं." थोरलीला हे वाक्य इतकं पटलं होतं की तिनं ते नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, आईलाही सांगितलं. आजवर तिनं एकदाही पेले विसळले नव्हते.

दुसरे खाणारे म्हणजे बाहेरचे. रस्त्यावरचे, दुकानातले, कुणीही. त्यांना अधूनमधून बोलवायचं, तांबड्या दिव्याखाली बसवायचं, त्या दिवशी आतल्यांनीच झडपेतून बशा सरकवायच्या, आणि एकच प्रश्न विचारायचा: आवडलं का? बस्स. का आवडलं, कुठे आवडलं, दाताला की टाळूला, काही विचारायचं नाही, कारण त्यांना ते सांगता येत नाही आणि सांगायला लागले की बिघडतात. जाताना एक डबा भेट. आणि गंमत बघा, आतल्यांनी महिनाभर थुंकून थुंकून जमवलेले आकडे एका बाजूला, आणि बाहेरच्या एका बाईचं "हो, आवडलं" दुसऱ्या बाजूला, की पारडं धाडकन तिकडे. कारखाना तिकडेच बघून चालतो. थोरलीला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आज मात्र घरी जाताना बसमध्ये उभं राहून, एका माणसाच्या छत्रीचं टोक पोटरीत टोचून घेत, तिला वाटलं की आपलं सगळं आयुष्य आपण झडपेच्या अलीकडे काढलं.

कारण येत्या रविवारी आई सांगणार होती. आई राहत होती ती इमारत पाडायची ठरली होती, तिथले सगळे भाडेकरू एकेक करून निघाले होते, आणि म्हातारीला दोन मुलींपैकी एकीकडे कायमचं राहायला जायचं होतं. "मी विचार करते आणि रविवारी थोरलीकडे जेवायला येते तेव्हा सांगते," असं तिनं दोघींना सांगून ठेवलं होतं, शाळेचा निकाल असावा तसं. थोरलीनं निकालाची तयारी केली होती. तिचं घर तळमजल्यावर. न्हाणीघरात तिनं दांडी बसवून घेतली, आईच्या उंचीची, स्वतः गुडघे वाकवून मापून. आईची कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे तिला झोपेत विचारा. दवाखाना कोपऱ्यावर. नवरा इतका गरीब स्वभावाचा की घरात आहे की नाही हे दिवा लावल्यावरच कळावं. आणि धाकटीकडे काय? केशकर्तनालयावरच्या दोन खोल्या, तीन जिने, एक कुबट मांजर, आणि जेवायची वेळ म्हणजे भूक लागेल ती. यात निवडायचं काय, असं थोरली नवऱ्याला म्हणाली होती. नवरा म्हणाला होता, "हं." त्या 'हं'चा तिला अजून राग होता.

पण सुख? हा शब्द आईनं थोरलीच्या टेबलाशी कधी काढला होता? थोरली बसमध्ये आठवत राहिली. आई म्हणायची, नीट झालंय. आई म्हणायची, पोट भरलं हो. आई म्हणायची, तुझ्याकडे कशाची उणीव नाही. उणीव नसणं आणि सुख असणं यात किती अंतर असतं, एक कप्पा की अख्खी भिंत? तिची जीभ शब्दाला लागली, सवयीनं, चघळायला. मजा येते, म्हणजे पाहुणीसारखी बाहेरून येते, चपला दारात काढते, आणि जायची वेळ तिची तीच ठरवते. आनंद होतो, सर्दीसारखा. समाधान मानायचं असतं, म्हणजे ते नसतंच, आपण आहे म्हणायचं. आणि सुख? सुख लागतं. सुख बोचतं, दुखतं, लोकांचं सुख तर बघवतच नाही. भाषेनंच जणू ठरवून ठेवलंय की सुख ही दुसऱ्याच्या घरात ठेवलेली वस्तू आहे आणि आपण खिडकीतून बघायची आहे. आपलं सुख कुणाला कधी बोचलं असेल का, असा विचार तिनं करून पाहिला, आणि तिला एकही माणूस आठवेना, आणि या गोष्टीपायी तिला एवढा मत्सर वाटला, स्वतःच्या बहिणीचा, की छत्रीच्या टोकाकडे तिचं लक्षच राहिलं नाही आणि स्टॉप मागे गेला.

रात्री तिनं फोन केला.

"तुम्ही आज कारखान्यात आला होतात."

"ओळखलंस?" धाकटी खूश झाली. "आई म्हणाली ओळखणार नाही. मी म्हटलं, ती नखावरून माणूस ओळखते. आमची पैज होती."

"घरच्यांना यायला परवानगी नाही तिथे. माहीत आहे ना?"

"म्हणून तर सांगितलं नाही. ताई, काय भारी जागा आहे गं. तांबडा दिवा, झडप. मला वाटलं आता आतून ज्योतिषी बोलणार."

"आईला तिथे न्यायचं कारण काय?"

"आईनंच नेलं मला. तिला बघायचं होतं तू कुठे बसतेस. म्हणाली, इतकी वर्षं जाते, कधी दाखवलं नाही हिनं." मग धाकटीच्या बाजूनं चावल्याचा आवाज. ती भेटीच्या डब्यातलं बिस्किट खात होती, फोनवर, भांडण चालू असताना. "आणि खरं सांगू का, हे काळ्या कडेचं आहे ना, हे खाल्लं की मला उगाच कुणाचं तरी लग्न आहे असं वाटतं."

काळ्या कडेचं म्हणजे कडकपणा सात, कडवट शेपूट, साखरेचे खडे अर्धवट विरघळलेले. थोरलीनं ते तीन महिने चावलं होतं. तिला लग्न वगैरे काही वाटलं नव्हतं. तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली, त्याच बिस्किटाचा पुडा काढला, एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटून उभी राहिली. कुणाचं लग्न? कुणाचंच नाही. कडकपणा सात. नवरा पाणी प्यायला आला, तिच्याकडे बघितलं, आणि पाणी न पिताच परत गेला.

लहानपणी दोघींना एकेक गोळी मिळायची, लिंबाच्या चवीची, वर साखर भुरभुरलेली. धाकटी ती कडाकडा चावून मोकळी व्हायची, बोटं चाटायची, फ्रॉकला पुसायची, संपली. थोरली आपली गोळी कागदात गुंडाळून ठेवायची. दुपारी, धाकटीकडे काही नसताना, तिच्यासमोर बसून ती हळूहळू चोखायची. तिला खायची नसायची, दाखवायची असायची. धाकटीनं जळावं, रडावं, मागावं, आणि आपण नाही म्हणावं, एवढाच बेत. पण ही बया जळायचीच नाही. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन समोर बसायची आणि विचारायची, "आता कशी लागतेय? सांग ना." आणि थोरली सांगायची. आधी खरखरीत. मग गुळगुळीत. आता कडेला आंबट, मधे गोड. आता पातळ झाली, जिभेला धार लागते. धाकटी ऐकताना तोंडात काही नसताना गिळायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरायचं की थोरलीला वाटायचं, गोळी माझ्या तोंडात आहे आणि खातेय ही. आई दारातून बघायची. कुणाकडे बघायची? थोरलीनं किती वेळा ते चित्र पुन्हा उघडून पाहिलं होतं, आणि दर वेळी आईचे डोळे धाकटीवरच असायचे. साहजिकच आहे म्हणा. गोळी चोखणाऱ्या तोंडाकडे कोण बघतं, सुखावलेल्या तोंडाकडेच बघतात.

रविवारी आई आली ती चार दिवसांचे कपडे भरलेली बॅग घेऊन, कारण निकाल काहीही लागो, इमारतीतलं पाणी तोडलं होतं आणि तूर्त थोरलीकडेच राहायचं होतं. बॅग तिच्या खोलीत ठेवली. खोलीला नवे पडदे होते. "पडदे चांगले आहेत," आई म्हणाली, आणि पडद्याला हात लावला, पण तो हात फिरला नाही, लागला आणि परत आला. थोरलीनं नोंद घेतली. तिला नोंद घ्यायची नव्हती, पण मोजपट्टीला कोण सांगणार की आज सुट्टी आहे.

धाकटी उशिरा आली, धापा टाकत, केसांत कुणा गिऱ्हाईकाचे कापलेले केस. टेबलावर सूप, भाजलेले बटाटे, मऊ शिजवलेली कोंबडी, आईच्या दातांना चालेल अशी. थोरलीनं सकाळपासून चव घेऊन घेऊन जेवण जिथल्या तिथे आणलं होतं. मीठ असं की कमी म्हणायला जागा नाही आणि जास्त म्हणायची टाप नाही. आईनं चमचा उचलला. थोरली बघत राहिली. ओठ मिटले. जबडा एकदा, दोनदा. घसा हलला.

"तू जेव ना," आई म्हणाली. "माझ्या घशाकडे काय बघतेस? तिथे घड्याळ आहे का?"

धाकटी सुपात हसली. सूप नवऱ्याच्या बाहीवर उडालं.

"मी कुठे बघतेय."

"बघतेस. नेहमी बघतेस. मला शाळेतल्या तोंडी परीक्षेत व्हायचं तसं होतं. गिळताना वाटतं, चुकलं की काय." आई हे रागानं म्हणत नव्हती, मिठाचं भांडं मागावं तसं म्हणत होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मग तिनं रुमालानं तोंड पुसलं. "बरं, आता सांगते. नाहीतर तुम्ही दोघी मला जेवू द्यायच्या नाहीत. मी थोरलीकडे राहीन."

नवऱ्यानं मान डोलावली. थोरलीच्या कानात काहीतरी उघडलं, डोंगर उतरताना उघडतं तसं. जिंकली. ती जिंकली होती.

"इथे जिने नाहीत," आई पुढे म्हणाली. "दवाखाना जवळ. हिला माझ्या गोळ्या माझ्यापेक्षा जास्त माहीत. सगळं वेळच्या वेळी होईल, कुणाला माझा त्रास नाही. विचार केला मी. हेच बरोबर आहे."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. ते पुसायचाही तिनं त्रास घेतला नाही. दोन थेंब गालावरून खाली आले, आणि ते येत असतानाच तिनं हात लांब करून आणखी एक बटाटा घेतला. "ताई, हे बटाटे कसे केलेस गं? आतून अगदी उशीसारखे झालेत." रडत रडत ती खात होती, आणि रडण्यानं खाण्याचं काही बिघडत नव्हतं, की खाण्यानं रडण्याचं. थोरलीनं आईकडे पाहिलं. आईचा चमचा ताटाच्या वर अर्ध्यात थांबला होता. ती धाकटीकडे बघत होती. आणि तिचा चेहरा, जो इतका वेळ नीट चावत होता आणि नीट गिळत होता, तो आता तोंडात घास नसताना जेवत होता.

मग हे काय जिंकलं? जिने नाहीत, दवाखाना जवळ. इमारतीच्या जाहिरातीत लिहितात ते सगळं. म्हातारीनं निवडलं होतं थोरलीचं न्हाणीघर, तिची दांडी, तिची वेळ. माणूस इथे राहायला येणार होतं आणि जीव तीन जिने चढून त्या कुबट मांजराशेजारी जाऊन बसणार होता, रोज संध्याकाळी, फोनवर. पूर्वी निदान आशा होती. आता तर आई समोरच असणार, सकाळ-संध्याकाळ, हाताच्या अंतरावर, आणि तरी झडपेच्या पलीकडे.

आई ताट ठेवायला स्वयंपाकघरात आली तेव्हा थोरली म्हणाली, "तू तिच्याकडे जा."

"कुणाकडे?"

"धाकटीकडे. राहायला."

"वेडी आहेस का? माझे गुडघे बघ आणि ते जिने बघ."

"जिन्यात दोनदा थांबायचं. गोळ्यांचं मी तिला शिकवेन."

"ती विसरेल."

"मी रोज फोन करेन."

आईनं ताट ठेवलं. ते ठेवतानाही तिनं ते एकदा फिरवलं. "तुला राग आला का माझ्या बोलण्याचा? परीक्षेच्या?"

"नाही."

"मग वाईट नाही वाटणार तुला, मी तिकडे गेले तर?"

"वाटेल."

"मग कशाला सांगतेस असं?"

याचं उत्तर थोरलीला पाठ होतं, नुकतंच टेबलावर झालेलं, अजून गरम. पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तू इथे राहिलीस तर मी रोज तुझ्या तोंडाकडे बघत तो शब्द कधी येतो याची वाट बघेन. आणि तू चांगली बाई आहेस आई, तुला ते कळेल, आणि एक दिवस, माझी दया येऊन, चमचा खाली ठेवत तू म्हणशील, काय सुख वाटलं गं. आणि मला कळेल. सगळ्या जगाला नाही कळणार, पण मला कळेल, पहिल्याच क्षणी, लोण्याला कांद्याचा वास लागलेला कळतो तसं. मी तुझ्याकडून बाकी काहीही खोटं चालवून घेईन. तिला जे झडपेआडून फुकट मिळालं ते मला भीक म्हणून नको. हा काही मनाचा मोठेपणा नव्हता. हा निव्वळ मत्सर होता, पिकून इतका मऊ झालेला की बाहेरून तो कुणालाही त्याग वाटला असता.

"तिकडे तुला बरं वाटतं," एवढंच ती म्हणाली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी पाहिलं. थोरलीला वाटलं, आता ती म्हणेल, असं काही नाही गं, मला दोन्हीकडे सारखंच. थोरलीनं त्या वाक्यासाठी जागा करून ठेवली होती. ते वाक्य आलं असतं तर ती म्हणाली असती, मग रहा इथेच.

"बरं," आई म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये खोट नव्हती. आई वळली आणि बाहेरच्या खोलीत गेली, आणि थोरलीनं पाहिलं की गुडघे दुखणारी बाई चालताना भिंतीला हात लावायला विसरली. मग बाहेरून आवाज. "अगं, ऐकलंस का?" मग धाकटीचं "काय? खरंच?" मग नवऱ्याचं "हं." मग खुर्ची मागे सरकली, खोलीत बॅगेची चेन ओढली गेली, आणि चार दिवसांचे कपडे, जे सकाळीच कपाटात नीट लावून ठेवले होते, ते बाहेर यायला लागले. कशाची तरी घडी चुकली असावी किंवा काहीतरी पडलं असावं, कारण दोघी एकदम हसल्या.

थोरलीनं नळ सोडला. तो तिनं पूर्ण फिरवला, पाणी ताटांवर आदळून तिच्या पोटावर उडायला लागलं.

तरी ऐकू येत होतं.